लेसर प्रकाश आणि डोळ्यांची सुरक्षितता : मर्यादा-निश्चितीचे गणित

प्रस्तावना :

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर कार्यान्वित केला. त्यानंतर शस्त्रक्रिया, मुद्रण, दूरसंचार, मोजणी अशा अनेक क्षेत्रांत लेसरचा प्रवेश झाला. अलीकडे तो मिरवणुकीच्या रोषणाईतही आला आहे. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर महाराष्ट्रात काही व्यक्तींच्या दृष्टिपटलास इजा झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. अशा वेळी 'किती प्रकाश सुरक्षित?' हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर अंदाजाने नव्हे, तर गणिताने देता येते. प्रस्तुत लेखात या गणिताचे स्वरूप व त्यामागील गृहीतके स्पष्ट केली आहेत.

डोळ्याला धोका का?

साध्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. लेसरची किरणशलाका मात्र जवळजवळ समांतर असते. ती डोळ्यात शिरताच नेत्रभिंग तिला दृष्टिपटलावरील अत्यंत सूक्ष्म बिंदूवर एकवटते. ७ मिलिमीटर व्यासाच्या बाहुलीतून आलेला प्रकाश सुमारे २० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर केंद्रित झाला, तर त्याची तीव्रता एक लाख पटींहून अधिक वाढते. हा ठिपका पीतबिंदूवर पडल्यास वाचन, चेहरे ओळखणे यांसाठी आवश्यक असलेली मध्यवर्ती दृष्टी कायमची बाधित होऊ शकते.

मर्यादेचे सूत्र :

डोळ्यावर पडू देता येईल अशा सर्वाधिक प्रकाशास 'कमाल अनुज्ञेय मात्रा' म्हणता येईल. इजा संभवते त्या पातळीच्या बरीच खाली ती ठेवलेली असते. ही मात्रा तरंगलांबी आणि काळ या दोन्हींवर अवलंबून असते. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दृश्य प्रकाशासाठी, सेकंदाच्या काही दशलक्षांशांपासून १० सेकंदांपर्यंतच्या काळाकरिता सूत्र असे आहे : काळाचा (सेकंदांत) ०.७५ वा घात घ्यावा व त्यास १८ ने गुणावे. येणारे उत्तर दर चौरस मीटरमागे ज्यूलमध्ये असते.

तीव्र प्रकाश पडताच माणूस पापणी मिटतो किंवा मान वळवतो. या प्रतिक्षिप्त क्रियेसाठी ०.२५ सेकंद गृहीत धरतात. सूत्रात ही किंमत घातल्यास ६.३६ ज्यूल मिळतात. त्यास ०.२५ ने भागल्यास दर चौरस मीटरमागे सुमारे २५.५ वॅट ही मर्यादा येते. अंधारात विस्फारलेल्या ७ मिलिमीटर व्यासाच्या बाहुलीचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस मिलिमीटर असते. या दोहोंचा गुणाकार जवळजवळ १ मिलिवॅट होतो. दुसऱ्या वर्गातील दृश्य लेसरची १ मिलिवॅट ही प्रचलित मर्यादा अशी सिद्ध होते.

गृहीतकांचे महत्त्व :

ही मर्यादा पापणी मिटण्यावर विसंबून आहे, हे विसरता कामा नये. कोणी हट्टाने १० सेकंद टक लावून पाहिले, तर त्याच सूत्राने मर्यादा सुमारे ०.३९ मिलिवॅटपर्यंत खाली येते. अवरक्त प्रकाश दिसतच नाही. त्यामुळे तेथे पापणीचे संरक्षण मिळत नाही व वेगळी सूत्रे वापरावी लागतात. दुर्बिणीतून पाहिल्यास अधिक प्रकाश डोळ्यात शिरतो.

मिरवणुकीतील उदाहरण :

रोषणाईसाठी १ वॅट शक्तीचा दृश्य लेसर वापरला, असे मानू. त्याची शलाका उगमापाशी ५ मिलिमीटर रुंद असून दर मीटरला १ मिलिमीटरने रुंदावते. १ वॅटला २५.५ ने भागल्यास सुमारे ३९३ चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते. म्हणजे शलाका सुमारे २२४ मिलिमीटर रुंद झाल्यावरच ०.२५ सेकंदासाठी ती मर्यादेत येते. त्यासाठी तिने (२२४ – ५) म्हणजे सुमारे २१९ मीटर अंतर कापलेले असले पाहिजे. मिरवणुकीत गर्दी यापेक्षा कितीतरी जवळ असते.

शलाका फिरती असल्याने धोका नाही, असा युक्तिवाद केला जातो. तथापि उगमाजवळ ती संपूर्ण शलाका केवळ एक सहस्रांश सेकंद डोळ्यात शिरली, तरी त्या काळासाठीची मर्यादा सुमारे २५० पटींनी ओलांडली जाते. तेवढ्यात पापणी मिटणे शक्यच नसते.

समारोप :

सारांश, सुरक्षित मर्यादा म्हणजे केवळ एक आकडा नसून शक्ती, काळ, तरंगलांबी, अंतर व मानवी वर्तन यांचे एकत्रित गणित होय. रोषणाईची परवानगी देताना लेसरची शक्ती, शलाकेचे अपसरण व प्रेक्षकांचे अंतर या तीन बाबी मागवून हे गणित करता येते. ते आधी केले, तर उत्सवाचा आनंद कोणाच्या दृष्टीच्या मोलाने घ्यावा लागणार नाही.