आधी कंदील, मग आपण

मे महिन्यात चुलतभावाचा फोन आला. "जुनं घर पाडायला काढलंय. अंगणात पेवाचं तोंड लागलंय. तू जर्नलिस्ट ना? ये मग!"

आता सांगा, कोण थांबेल? शुक्रवारी रात्री पुण्याहून हिंगोलीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी कळमनुरीत हजर. डोक्यात अर्थात तुतनखामेन. २६ नोव्हेंबर १९२२, हॉवर्ड कार्टरने सीलबंद दाराच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडलं, मागे लॉर्ड कार्नारव्हॉन, त्यांची लेक एव्हलिन आणि मदतनीस कॅलेंडर श्वास रोखून उभे. तेव्हा कळमनुरी निजामाच्या राज्यात होती, आणि आमच्या पेवात बहुतेक ज्वारी असणार.

पेव म्हणजे काय, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी: जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, अगदी सुरईसारखं. आत ज्वारी भरायची, वर दगडी फरशी, तिच्यावर माती लिंपायची. झालं लॉकर.

अंगणात निम्मी गल्ली जमलेली. गुप्तधनाचे अंदाज चालू होते (एक काका तर वाटण्यांवर आले होते!). चौघांनी पहार लावून फरशी सरकवली. कुबट, आंबूस वास आला आणि खाली नुसता काळोख. मी मोबाइलचा टॉर्च मारला, तळ दिसेना. भावाने कमरेला दोर बांधलासुद्धा.

तेवढ्यात ओसरीवरून आजी ओरडली, "उतरायचं नाव काढू नको! आदी कंदील सोड."

आम्ही हसलो. एलईडीच्या जमान्यात कंदील! पण आजीपुढे कोण बोलणार? अडगळीतला कंदील काढला, पेटवला, दोरीने हळूहळू खाली सोडला. एक पुरुष खोल गेला, छान जळत होता. आणखी हातभर. ज्योत बारीक झाली आणि पटकन विझली. वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला.

कुणीच हसत नव्हतं. भावाने मुकाट दोर सोडला.

कारण साधं आहे. साठवलेलं धान्य श्वास घेतं, कुजतं; त्यात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. टॉर्च मात्र तिथेही झकास पेटतो! कार्टरनेही भोकातून आधी मेणबत्तीच आत धरली होती, विषारी वायू आहे का बघायला. त्याची ज्योत आतून येणाऱ्या गरम हवेने फडफडली, पण विझली नाही. पुढे ५ एप्रिल १९२३ ला कार्नारव्हॉन गेले, डासाचा चावा चिघळून, आणि पेपरवाल्यांनी शापाची स्टोरी चालवली. स्वतः कार्टर १९३९ पर्यंत जगला, हे कोण छापतं?

रात्री आजीने सांगितलं. तिच्या माहेरी एक गडी पेवात उतरला, वर येईना. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. दोघंही गेले. "शाप कशाचा रे," ती म्हणाली, "घाई."

पेव चार दिवस उघडं ठेवलं, टेबलफॅन लावून हवा खेळवली. कंदील तळापर्यंत जळत राहिला तरी भावाला उतरू दिलं नाही. लांब बांबूला आकडा बांधून चाचपलं. खजिना निघाला: काळी पडलेली ज्वारी आणि धान्य मोजायची एक गंजलेली पायली.

पायली आजीने घासून घेतली. आता तिच्यात तुळस आहे.