कार्बनचा बाजार आणि भाईंदरचा गाळा

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे ओळीने आहेत. बफिंगच्या चाकावर डबा धरून बसलेला कामगार नाकाला रुमाल बांधतो. दिवस संपतो तेव्हा रुमाल काळा झालेला असतो. या चाकाला वीज लागते, कोळसा नाही. गाळ्याला धुराडेही नाही. त्यामुळे देशात सध्या उभ्या राहत असलेल्या कार्बनच्या बाजारात हा गाळा कुठेच मोजला जात नाही.

हा बाजार २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेतून आला. सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा मोठ्या उद्योगांना मालाच्या दर टनामागे किती उत्सर्जन चालेल ते ठरवून दिले जाते. त्याहून कमी केले तर प्रमाणपत्रे मिळतात आणि ती विकता येतात; जास्त झाले तर विकत घ्यावी लागतात. मालक साहजिकच हिशोब मांडतो : भट्टी सुधारणे स्वस्त की प्रमाणपत्र? यात गैर काही नाही, बाजाराची रचनाच तशी आहे. कार्बन डायऑक्साइड चंद्रपूरला सोडा नाहीतर चेन्नईला, पृथ्वी सारखीच तापते.

धुळीचे तसे नसते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण जवळच्या माणसाच्या फुफ्फुसात शिरतात, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांचा त्रास दम्यापुरता राहत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

म्हणून पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर पुढे असलेल्या सुरतेचा प्रयोग डॉक्टरांनी जरूर पाहावा. तिथे २०१९ मध्ये बाजार भरला तो कार्बनचा नव्हे, धुराड्यातल्या धुळीचा. तीनशेहून अधिक कारखाने अभ्यासात होते. धुराड्यांना सतत मोजणारी यंत्रे बसवली, बाजारात घेतलेल्या कारखान्यांच्या एकूण धुळीवर मर्यादा घातली आणि परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. बाजाराबाहेर ठेवलेल्या कारखान्यांच्या तुलनेत या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. धूळ अडवणारी यंत्रे बहुतेकांकडे जुन्या नियमांमुळे आधीपासून होतीच! महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७ पासून कारखान्यांना धुळीनुसार एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली.

पण हे सगळे धुराड्याच्या तोंडाशी मोजले जाते. बफिंगची धूळ उडते ती कामगाराच्या नाकापासून हातभर अंतरावर, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम आणि निकेलही असते. इथे प्रमाणपत्राचा उपयोग नाही. चाकाजवळच धूळ ओढून घेणारा पंखा हवा, रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि वर्षातून एकदा फुंकर मारून करायची फुफ्फुसाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री.

महिनाभर खोकला असलेला रुग्ण आला की थुंकी आणि एक्स-रे तपासतात, ते योग्यच. मात्र केसपेपरवर व्यवसायापुढे नुसते ‘नोकरी’ लिहिलेले असते. बफिंग करणाऱ्याने दवाखान्यात स्वतःहून सांगावे : चाकावर बसतो, इतकी वर्षे झाली.