बांधाची हद्द आणि दूरचे संदर्भ केंद्र

शंभर मीटर लांबीच्या बांधाची हद्द तीन मीटर सरकली, तर तीनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे जमीन एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. साध्या जीपीएस यंत्राकडून एवढी चूक सहज होऊ शकते.

याचे कारण असे की, जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढावे लागते. हा वेळ सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचीही चूक झाली, तर अंतर ३०० मीटरांनी चुकते. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतभारित कण संदेशास विलंब लावतात. विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात हा थर अधिक चंचल असल्याने भारतात हा उपद्रव विशेष जाणवतो.

यावरील उपाय मात्र साधा आहे. ज्या जागेचे स्थान आधीच काटेकोरपणे ठरविलेले आहे, तेथे एक ग्राहक यंत्र कायमचे बसवावयाचे. प्रत्येक उपग्रहाचे अंतर किती यावयास हवे, हे तेथे गणिताने कळते. प्रत्यक्ष मोजलेले अंतर त्याहून जितके वेगळे, तितकी त्या क्षणाची चूक. ती शेतातील फिरत्या यंत्रास, म्हणजे रोव्हरला, तत्काळ कळविली जाते. तराजूचा पासंग पाहून मग माल तोलावा, तसाच हा प्रकार.

केंद्र दूर असेल, तर दोन्ही ठिकाणच्या आकाशात फरक पडतो व अचूकता ढोबळ मानाने दर दहा किलोमीटरमागे एक सेंटीमीटरने घटते. म्हणून सभोवतालच्या अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून त्या शेताजवळची चूक अनुमानिली जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा ‘कॉर्स’ केंद्रांचे जाळे उभारले आहे. त्यामुळे काही सेंटीमीटरांपर्यंतची अचूकता मिळते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाणांच्या ड्रोन मोजणीसही या जाळ्याचा आधार मिळाला.

तथापि दुरुस्तीचा संदेश बहुधा मोबाईलवरून येतो. तो न मिळाल्यास किंवा दाट झाडीखाली रोव्हर अडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यंत्र बिंदूचे स्थान सांगते, मालकी नव्हे. जुने नकाशे साखळीने मोजून केलेले असल्याने नव्या आकड्यांशी त्यांचा फूट-दोन फुटांचा फरक निघू शकतो. तेवढ्यावरून शेजाऱ्याने बांध कोरला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. हद्दीचे जुने दगड, मूळ अभिलेख आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ भूकरमापकालाच घालावा लागतो. यासाठीच मोजणीची नोटीस लगतच्या कब्जेदारांनाही दिली जाते व त्यांनी त्या दिवशी बांधावर हजर राहणे इष्ट असते.