शुगरच्या चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात पूर्वी एकमेकांच्या नोकरीची, लग्नाची, मुलांच्या परीक्षांची चौकशी होत असे. अलीकडे शुगरची होते. शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांतील बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि चहाच्या टेबलावर बिनसाखरेच्या कपांची वेगळी रांग लागू लागली आहे. आमच्यापैकी काही जण परिचर्या, औषधनिर्माण आणि आरोग्यसेवेच्या क्षेत्रांत काम करीत असल्यामुळे एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो : ‘आजार शुगरचा, रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी का लिहून दिली?’ विचारणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती गोळी परस्पर बंदही केलेली असते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या एका गोळीविषयी आहे. तिच्या शेजारच्या गोळ्यांबद्दलही ओघाने थोडे लिहावे लागेल.

मधुमेह आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना तो होता. रक्तदाब आणि पायांच्या असह्य वेदना यांनीही त्यांना अखेरच्या वर्षांत ग्रासले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांचे पथ्यपाणी त्यांच्याच देखरेखीखाली चाले. परंतु त्या काळी वैद्यकाच्या हाती होते तरी काय? १९२१ साली टोरांटो येथे शोधले गेलेले इन्सुलिन होते, पथ्य होते आणि विश्रांतीचा सल्ला होता. तो सल्ला मानणे बाबासाहेबांना शक्यच नव्हते. आज जवळजवळ प्रत्येक मधुमेहीच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत दिसणारे मेटफॉर्मिन मधुमेहासाठी माणसांना दिल्याचा पहिला अहवाल फ्रान्सचे डॉ. ज्यां स्टर्न यांनी १९५७ साली, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दुसऱ्या वर्षी, प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील पहिले औषध बाजारात यायला १९८७ साल उजाडले. आज सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळणाऱ्या या दोन गोळ्यांपैकी एकही त्यांच्या वाट्याला आली नाही. त्याच गोळ्या आपल्या घरांत कपाटावर अर्धवट पडून राहतात, हे पाहून आम्हांला खंत वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि कित्येक संप्रेरके त्यापासूनच बनतात, आणि शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते. म्हणून ‘आम्ही तर तेलकट खातच नाही’ हे उत्तर येथे पुरत नाही. मधुमेहात इन्सुलिनचे म्हणणे शरीर ऐकेनासे होते. त्याचा परिणाम साखरेवर होतो, तसाच चरबीच्या व्यवहारावरही होतो. यकृत अधिक ट्रायग्लिसराइड तयार करून रक्तात सोडते, रक्षण करणारे एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण आकाराने लहान व घट्ट होऊन रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र पुष्कळदा मर्यादेतच दिसतो. रुग्णाला तो दिलासा वाटतो, आणि नेमकी तेथेच फसगत होते.

आपल्या भागात पाटाचे पाणी सर्वांच्या परिचयाचे आहे. आज पाटातून वाहणारे पाणी किती गढूळ आहे, एवढेच रिपोर्ट सांगतो. तळाशी वीस वर्षांत किती गाळ बसला, हे तो सांगत नाही. शिवाय पाटाचा काठ खरबरीत झाला असेल तर कमी गढूळ पाण्यातलाही गाळ तेथे अडकून राहतो. रक्तातील वाढलेली साखर रक्तवाहिनीच्या आतील अस्तराचे असेच नुकसान करते. त्यामुळे निरोगी माणसाला जे एलडीएल चालते, ते मधुमेही माणसाला चालेलच असे नाही. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सर्वांसाठी एकच असते. मधुमेहीसाठी डॉक्टर ठरवतात ते लक्ष्य बहुधा त्याहून खाली असते.

‘आम्ही तर काटक, आमच्या अंगावर चरबी कुठे?’ असेही विचारले जाते. याचे उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मार्मिकपणे दिले आहे. लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, अशा दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीयुक्त, अशी ही भारतीय देहयष्टी आहे. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांतही तिची सुरुवात दिसते, असे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. तेव्हा सडक अर्जुनीच्या बांधावर दिवसभर राबणारा सडपातळ माणूस मधुमेही निघाला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

अर्थात ही केवळ उपपत्ती नाही, तिला पुरावा आहे. ब्रिटन व आयर्लंडमध्ये ज्यांना पूर्वी हृदयविकार झालेला नव्हता आणि ज्यांचे एलडीएल फारसे वाढलेले नव्हते, अशा २,८३८ मधुमेहींवर ‘कार्ड्‌स’ नावाचा अभ्यास झाला. साधारण निम्म्यांना रोज अटॉर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिले गेले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की नियोजित मुदतीच्या सुमारे दोन वर्षे आधीच अभ्यास थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे एलडीएल मुळातच कमी होते त्यांनाही लाभ झाला, ही त्यातली आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी बाब. मधुमेहीला स्टॅटिन दिले जाते ते बिघडलेला आकडा दुरुस्त करण्यासाठीच असे नव्हे. पुढील दहा-पंधरा वर्षांतील हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी ते दिले जाते. म्हणूनच ते घेतल्याने आज काही बरे वाटत नाही, आणि सोडल्याने उद्या काही दुखतही नाही.

या गोळीचा जन्म तांदळाशी जोडलेला आहे, हे आपल्या धानाच्या जिल्ह्यात आवर्जून सांगावेसे वाटते. जपानचे संशोधक अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. १९७३ च्या सुमारास क्योटोतील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील बुरशीत त्यांना हवा तो पदार्थ सापडला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करण्याच्या कामातील एक कळीचा विकर हा पदार्थ रोखतो. घरचे उत्पादन घटले की यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल ओढून घेऊ लागते, आणि रक्तातील प्रमाण उतरते. गोळी थांबवली की काही आठवड्यांत यकृत पूर्ववत काम करू लागते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली’ असे सांगणाऱ्यांनी तो रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आला होता, हे ध्यानात घ्यावे.

स्टॅटिनबद्दलच्या तक्रारी सगळ्याच निराधार आहेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काहींचे स्नायू दुखतात. रोवणी-कापणीच्या दिवसांत अंग कोणाचेही दुखते, त्यामुळे कारण ओळखणे सोपे नसते. तरीही दुखणे नव्याने सुरू झाले, दोन्ही मांड्यांत वा दंडांत असले, अशक्तपणा वाटू लागला, तर डॉक्टरांना सांगावे; मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या भगिनींनी तसे आधीच सांगावे. स्टॅटिनमुळे साखर किंचित वाढू शकते, हेही खरे आहे. पण ती वाढ अल्प असते आणि हृदयाला होणारा लाभ तिच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. या एका गोष्टीवरून गोळी फेकून देण्याचा सल्ला मोबाईलवर फिरत असतो. तो पुढे पाठवू नये, एवढी विनंती.

शेजारच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यावे. सुरुवातीला पोट बिघडते, पुढे बहुधा जमते. अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते; हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास त्याचीही तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी फार कमी झाल्यास, ही गोळी चालू ठेवावी की काही दिवस थांबवावी हे डॉक्टरांना विचारावे. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही, आणि अनेक गोळ्यांत ही दोन्ही औषधे एकत्र असतात. सकाळी गोळी घेऊन, शिदोरी बांधावर ठेवून, दुपार उलटेपर्यंत चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या आपल्या आई-बहिणींना हा धोका सर्वांत अधिक आहे. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, मात्र माणूस शुद्धीवर असेल तरच. वर्षावासात उपोसथाच्या दिवशी माध्यान्हानंतर अन्न वर्ज्य करणाऱ्या उपासक-उपासिकांनीही त्या दिवशीची मात्रा आधी विचारून घ्यावी. भिक्खूच्या चार आवश्यक गोष्टींत चीवर, भोजन आणि निवासाबरोबर आजाऱ्याचे औषधही धम्माने गणले आहे. शील पाळताना औषधाचा विचार करणे त्याच्याशी विसंगत नाही.

‘दोन्ही आजारांवर मिळून एकच गोळी नाही का?’ असाही प्रश्न येतो. अशी औषधे आहेत. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने शोधलेल्या सॅरोग्लिटाझार या औषधाला, ज्याचे बाजारी नाव लिपाग्लिन, २०१३ साली भारतात मान्यता मिळाली. मधुमेहात वाढलेले ट्रायग्लिसराइड ते उतरवते आणि साखरेलाही मदत करते. परंतु हृदयविकार टाळण्याबाबत स्टॅटिनमागे जो दीर्घ पुरावा उभा आहे, तसा त्याच्यामागे अद्याप नाही. स्टॅटिन बंद करून त्याजागी ते घेणे म्हणूनच योग्य नव्हे. परदेशी गेलेल्या मुलांकडून कोलेसेव्हेलम हे नाव कानी येते. अमेरिकेत त्याला २००० साली कोलेस्टेरॉलसाठी आणि २००८ साली टाईप दोन मधुमेहासाठी मान्यता मिळाली. ते रक्तात शोषले जात नाही. आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेते, मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. मात्र दिवसाला सहा मोठ्या गोळ्या घ्याव्या लागतात, बद्धकोष्ठ होते, थायरॉइडसारख्या औषधांचे शोषण ते अडवते, आणि मुख्य म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढवू शकते. आपल्याकडील मधुमेहींचे दुखणे बरेचदा ट्रायग्लिसराइडचेच असते. तेव्हा पाहुण्यांनी परदेशातून आणलेली बाटली कौतुकाने ठेवून द्यावी, उघडू नये.

खर्चाचे कारण अनेक जण सांगतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, आणि बाहेर विकत घ्यायचेच असेल तर जनौषधी केंद्रात हीच औषधे मूळ नावाने स्वस्त मिळतात. पाकिटावरील मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते. खाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे. गोंदियाच्या एका आणि नागपूरच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दोन वेगळ्या नावांनी एकच अटॉर्व्हास्टॅटिन असू शकते, आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. प्रत्येक भेटीत सर्व पाकिटे पिशवीत घालून नेली की ही दुहेरी मात्रा टळते.

आणखी एक गोष्ट, जी खास पूर्व विदर्भातील आपल्या लोकांना लागू पडते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही हा आकडा खोटा कमी येतो. केवळ वाहक असलेल्यांमध्येही तपासणीच्या काही पद्धती चुकीचे उत्तर देतात. अशांनी उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवर, किंवा डॉक्टर सुचवतील त्या दुसऱ्या तपासणीवर विसंबावे. नागपूर-रायपूर महामार्गाने आपण मोठ्या शहरातील ज्या डॉक्टरांकडे जातो, त्यांना आपले गाव आणि घराणे ठाऊक नसते. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तिचा निकाल मधुमेहाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी.