फोनचे इंटरनेट आणि घरच्या घरी फाइलींची ने-आण

फोनच्या इंटरनेटवर संगणक चालविण्याची रीत आता घरोघर रुळली आहे. मात्र लग्नाचे चित्रण फोनमधून संगणकावर घ्यावयाचे झाले की पुष्कळ मंडळी ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवितात व संगणकावर उतरवून घेतात. दोन्ही यंत्रे एकाच मेजावर, आणि फाईल दूरच्या कोठल्याशा सर्व्हरपर्यंत जाऊन पुन्हा त्याच फोनच्या वाटेने परत येते! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बरे, हा वळसा फुकटचाही नव्हे. एक जीबीची फाईल जाताना एक जीबी खाते, येताना आणखी एक. ज्यांच्या योजनेत दिवसाला दीड जीबीच मिळतो, त्यांची फाईल अर्ध्या वाटेतच अडकावयाची.

हॉटस्पॉट सुरू होताच फोन आणि संगणक यांचे एक लहानसे जाळे तयार होते, ही गोष्ट आम्हांस मुख्य वाटते. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास फोन एक खाजगी पत्ता देतो. त्याचा स्वतःचाही एक असतो. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. वाड्यातल्या माणसांना ‘ओसरी’, ‘माजघर’ एवढे सांगितले की पुरते, बाहेरच्या पोस्टमनला त्याचा उपयोग नाही, तसेच हे. संगणकाने फोनच्या खाजगी पत्त्यावर फाईल मागितली, तर ती मागणी टॉवरपर्यंत जातच नाही. मग कंपनी मोजणार काय?

तारेने इंटरनेट घेणारांची अडचण निराळी. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘फाईल ट्रान्स्फर’ आणि ‘यूएसबी टेदरिंग’ यांपैकी एकच पर्याय निवडता येतो. फाईल घ्यावयास जावे तर इंटरनेट तुटते. इंटरनेट घ्यावे तर फोनचे कप्पे दिसेनासे होतात. परंतु टेदरिंगच्या तारेवरही तेच लहान जाळे असते, हे ध्यानात आले म्हणजे वाट सापडते. फोनवर एफटीपी सर्व्हर चालविणारे अ‍ॅप सुरू करावे (काही फाईल मॅनेजरांत ही सोय असतेच) आणि ते दाखवील तो पत्ता विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमधील वरच्या पट्टीत लिहावा. ब्राउझरात लिहून चालणार नाही. क्रोम व फायरफॉक्स यांनी २०२१ सालीच एफटीपीला निरोप दिला. ब्लूटूथ एखाददुसऱ्या छायाचित्रापुरते ठीक. एक जीबीस त्याला तासाहून अधिक वेळ लागेल.

एफटीपी ही रीत मोबाइल फोनहूनही जुनी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतून शिकून ते अमेरिकेत एम.आय.टी.त गेले होते. त्या काळाचा भाबडेपणाही तिच्यात उरला आहे. मूळ एफटीपीत संकेतशब्द आणि मजकूर दोन्ही उघडेच प्रवास करतात. आपल्या घरच्या तारेवर, किंवा बळकट संकेतशब्द असलेल्या आपल्या हॉटस्पॉटवर, त्याची फारशी चिंता नको. स्टेशनावरच्या वा हॉटेलातल्या वाय-फायवर मात्र हा सर्व्हर कदापि चालवू नये, आणि घरीही फाइली उतरल्या की लगेच बंद करावा.