घोळीच्या भाजीचा जमाखर्च

पाणी मिळणाऱ्या बागेत, वाफ्याच्या कडेला, कधी अंगणातील फरशीच्या सांधीतही घोळ उगवते. लालसर रसाळ देठ, जाड गुळगुळीत पाने आणि उन्हात काही तासच उमलणारे इवले पिवळे फूल. गुजराती घरांत हिला लूणी म्हणतात. शेतकरी जिला तण म्हणून उपटून टाकतो, तिचीच जुडी बाजारात विकली जाते.

हिच्या आंबटपणाचे कारण मोठे मनोरंजक आहे. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते व रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते. तो मॅलिक आम्लाच्या रूपाने साठतो आणि दिवसा उजेडात खर्ची पडतो. त्यामुळे कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ अधिक आंबट लागते, सायंकाळची सौम्य.

घोळीची खरी ख्याती ओमेगा-३ मुळे झाली. आर्टेमिस सिमोपोलस व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार 100 ग्रॅम ताज्या पानांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल सुमारे 300 ते 400 मिलिग्रॅम असते. पालेभाजीच्या मानाने हे बरेच. मासे वर्ज्य असणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट महत्त्वाची वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हिशेब पुरा मांडावा. मत्स्यतेलातील ओमेगा-३ निराळे. शरीर या आम्लापासून ते घडवते, पण अत्यल्प प्रमाणात. शिवाय दळलेल्या जवसाच्या एका लहान चमच्यात हे आम्ल या 100 ग्रॅम पानांहून कमी नसते. देठांचा लाल रंग बीटालेन गटातील द्रव्यांचा, म्हणजे बिटाच्याच जातीचा. कंदमूळ न खाणाऱ्या घरांना ती द्रव्ये येथे अनायासे मिळतात. बियांच्या मधुमेहींवर लहान प्रमाणात चाचण्या झाल्या आहेत. तेवढ्या आधारावर चालू औषध बंद करणे हा शुद्ध अविचार होय.

आता खर्चाची बाजू. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल पालकाप्रमाणेच भरपूर असते आणि कॅल्शियमशी संयोग पावून ते मुतखड्याला कारण होऊ शकते. दिवसभर गादीवर बसून पाणी पिण्याचे विसरणाऱ्या व्यापाऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून रोज कच्च्या घोळीचा रस घ्यावा, हे म्हणूनच घातक. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ही भाजी घेऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण तीतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते.

निरोगी माणसाने मात्र अधूनमधून अवश्य खावी, आणि जुन्या गृहिणींप्रमाणे दह्याताकात. दह्यातील कॅल्शियम विद्राव्य ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. पाने उकडून पाणी टाकल्यासही ते घटते, पण त्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते. कच्च्या दह्याताकाशी डाळ वर्ज्य मानणाऱ्या घरांत डाळीऐवजी तांदळाचे पीठ लावून, जिरे-हिंगाची फोडणी द्यावी. पालेभाजी वर्ज्य असलेल्या काळाचा नियम ज्याच्या त्याच्या घरचा.

गटाराकाठची वा तणनाशक फवारलेल्या शेतातील जुडी घेऊ नये. देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुधी असू शकते. ती टाकून द्यावी.