बदक टिपायला जुनाच टीव्ही लागतो

‘डक हंट’ हा खेळ निन्टेन्डोने १९८४ साली काढला आणि नव्वदच्या दशकात स्वस्त नकली यंत्रांतून तो आपल्याकडच्याही पुष्कळ मुलांनी खेळला. प्लास्टिकची बंदूक पडद्यावर रोखायची, चाप ओढायचा, की बदक पडायचं. बंदुकीतून काहीतरी सुटतं, असंच तेव्हा वाटायचं. खरं तर तिच्यातून काहीच सुटत नाही. ती फक्त बघते! चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यापाठोपाठ पांढरं दिसलं, की नेम लागला. बदकं दोन असली तर चौकोन एकामागून एक येतात, आणि उजेड कितव्या चौकोनाला दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. सगळा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागांचा. काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटतं; आजच्या सपाट टीव्हीवर किंचित उशिरा. तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते. गेम, यंत्र, बंदूक, सगळं शाबूत असूनही बदक पडत नाही.

ग्रंथालयाने गेम जपायचे म्हणजे काय, ते इथे कळतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००८ पासून असा संग्रह आहे. तिथे गेम मागून घ्यायचा आणि तिथेच बसून खेळायचा, अभ्यासासाठी किंवा नुसत्या आवडीसाठीही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कपाटात बंद असलेल्या गेमबद्दल वाचता येतं, पण गेम कळतो तो हातात कंट्रोलर आल्यावरच.

पुढची पंचाईत आतल्या सामानाची. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या अमेरिकी कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी असते. खेळाडू कुठवर पोचला, हे तिच्या जोरावर लक्षात राहतं. ती संपली, की गेम चालतो, पण १९८७ साली कुणीतरी चिकाटीने गाठलेला टप्पा कायमचा पुसला जातो. फ्लॉपीवरची चुंबकीय नोंदही वर्षांगणिक क्षीण होत जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे स्टीफन कॅब्रिनेटी यांचा संग्रह आहे. किशोरवयापासून सॉफ्टवेअर जमवणारे कॅब्रिनेटी १९९५ साली, अवघ्या २९व्या वर्षी गेले. त्यांच्या सुमारे १५,००० वस्तूंमधल्या फ्लॉपी आणि कॅसेटींची डिजिटल प्रत काढायला हात दिला तो ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने. तिचा गुन्हे तपासाशी संबंध आहे. जप्त केलेल्या संगणकातल्या लाखो फायलींपैकी ओळखीच्या फायली झटकन बाजूला काढता याव्यात, म्हणून ही संस्था सॉफ्टवेअरचे डिजिटल ठसे साठवते. ठसे तपासयंत्रणांना मिळाले, प्रती ग्रंथालयाला.

गेम जपण्याची ही घाई रास्तच आहे. २०२३ सालच्या एका पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. त्यातल्या ज्या गेमांना नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप असतं, ते कुलूप उघडून जपायला ग्रंथालयांना मुभा आहे. मात्र ते संशोधकांना दुरून खेळू देण्याची परवानगी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली. म्हणून असा गेम अभ्यासायचा असेल, तर आजही प्रवास करून त्या ग्रंथालयाच्या इमारतीतच जाऊन बसावं लागतं.